५६० मेगावॅटचा खड्डा, ७.३ मेगावॅटचं उत्तर: मोठी बॅटरी ग्रिडला नेमकी काय मदत करते?

[कॅमेऱ्याकडे बघून]

१४ डिसेंबर २०१७. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लॉय यांग कोळसा केंद्राचा ५६० मेगावॅटचा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. तिथून जवळजवळ हजार किलोमीटर लांब, साउथ ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलच्या बॅटरीने ग्रिडमध्ये वीज सोडायला सुरुवात केली. तिला चालू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. ‘बॅटरीने ग्रिड वाचवलं’ अशा बातम्याही झळकल्या.

सोडली किती? ७.३ मेगावॅट. बॅटरी १०० मेगावॅटची, खड्डा ५६० चा, आणि भर ७.३ ची. त्यामुळे ‘वाचवलं’ ही अतिशयोक्तीच. पण बॅटरीचं काही चुकलं होतं का? अजिबात नाही. तिला जेवढं सांगितलं होतं, तेवढंच तिने केलं.

[स्क्रीनवर: ५० हर्ट्झची रेषा, संच ट्रिप होताच खाली झुकते]

ग्रिडची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. एखादा संच गेला की उरलेल्या जनित्रांचे रोटर आपल्या फिरण्यातली ऊर्जा देऊन तूट भरतात, आणि ती देताना मंदावतात. फ्रीक्वेन्सी घसरते ती यामुळे. औष्णिक केंद्राचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारी यंत्रणा, वाफेची झडप उघडतो, पण टर्बाइनची ताकद वाढायला काही सेकंद जातात. बॅटरीत फिरणारं काहीच नाही. इन्व्हर्टर फ्रीक्वेन्सी मोजतो आणि सेकंदाच्या छोट्याशा भागात वीज सोडतो.

मग सगळे १०० का नाही सोडले? कारण ड्रूप. हे सेटिंग सांगतं की फ्रीक्वेन्सी किती घसरली की किती वीज द्यायची. समजा ड्रूप २ टक्के आहे. ५० चे २ टक्के म्हणजे १ हर्ट्झ. फ्रीक्वेन्सी पूर्ण १ हर्ट्झ घसरली तर १०० मेगावॅट, ०.१ घसरली तर १०. पण तिथला सामान्य पट्टा ४९.८५ ते ५०.१५ हर्ट्झचा आहे, घसरण मोजायची ती त्याच्या खालची, आणि त्या दिवशी फ्रीक्वेन्सी साधारण ४९.८० पर्यंतच आली. घसरण छोटी, म्हणून उत्तरही छोटं. जरा घसरण दिसली की प्रत्येक बॅटरीने सगळी ताकद ओतली, तर फ्रीक्वेन्सी उलट्या बाजूला उसळेल.

आता याच बॅटरीची दुसरी गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वीन्सलंडचं कोगन क्रीक केंद्र ट्रिप झालं. हॉर्न्सडेलने फ्रीक्वेन्सी सावरण्याच्या सेवेच्या बाजारात जेवढा प्रतिसाद देऊ केला होता, तेवढा दिलाच नाही. सेल ठणठणीत, इन्व्हर्टर ठणठणीत. त्याआधी जुलैत झालेल्या फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमध्ये ड्रूपचं सेटिंग बदललं होतं, एवढंच! महिनोन्‌महिने पैसे मिळत होते ते हाकेला धावून येण्याच्या तयारीचे, आणि ती तयारीच अपुरी होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. म्हणून अपडेट केल्यावर फक्त ‘सिस्टीम ऑनलाइन’ बघून थांबायचं नसतं. खोटा फ्रीक्वेन्सी सिग्नल देऊन प्रत्यक्ष किती मेगावॅट बाहेर पडतात ते मोजावं लागतं.

[स्क्रीनवर: २० फुटी कंटेनरचा आडवा छेद]

आत काय असतं ते पटकन बघू. आजकालचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा मोठा सेल ३.२ व्होल्ट, ३१४ अँपिअर-अवर. गुणाकार करा, जवळजवळ बरोबर एक युनिट! असे ४१६ सेल सिरीजमध्ये जोडले की एक रॅक, सुमारे १,३३० व्होल्टचा. कंटेनरमध्ये १२ रॅक म्हणजे ५ मेगावॅट-अवर, अर्थात ५,००० युनिट. पुढे इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि सबस्टेशन.

फ्रीक्वेन्सी सांभाळणाऱ्या बॅटरीची काही खास दुखणी आहेत. वीज देणं आणि घेणं, दोन्हीला जागा हवी म्हणून तिला साधारण अर्ध्या चार्जवर ठेवतात. या प्रकारच्या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे व्होल्टेजवरून चार्ज ओळखता येत नाही. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम आत-बाहेर गेलेला करंट मोजत हिशोब ठेवते, आणि मोजमापातली बारीक चूक रोज साठत जाते. स्क्रीनवर ५० टक्के, प्रत्यक्षात ४०. शिवाय रॅकमधला एकच सेल मागे पडला, तर डिस्चार्ज करताना तो आधी तळाला जातो आणि बाकीचे ४१५ भरलेले असूनही रॅक थांबतो. उपाय कंटाळवाणा आहे. मधूनमधून एकेक रॅक सेवेतून काढून पूर्ण चार्ज करायचा, सगळे सेल एका पातळीला येऊ द्यायचे, मग हिशोब नव्याने सुरू.

भारतात सध्या भर वेगळ्या कामावर आहे. दुपारची सौर वीज भरायची आणि संध्याकाळी मागणी शिगेला पोचली की काढायची. दिल्लीत किलोकरीला २०२५ मध्ये सुरू झालेली बॅटरी २० मेगावॅट, ४० मेगावॅट-अवरची आहे, म्हणजे पूर्ण ताकदीने दोन तास. महाराष्ट्रात संध्याकाळचा हा भार उचलायला कोयना आहेच, पण तिचं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून ठेवलंय. बॅटरीला असा वार्षिक कोटा नाही, ती रोज भरते. मात्र भरलेल्या १०० युनिटपैकी ८५ च्या आसपासच परत मिळतात. सेकीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या, निविदांमध्ये तर किमान ८५ टक्के परतावा आणि वर्षभरात ९५ टक्के उपलब्धता अशा अटीच असतात, आणि पैसे ठरतात दर मेगावॅटला दरमहा किती लाख या हिशोबाने.

[स्क्रीनवर: १०० युनिट आत, ८५ बाहेर]

उरलेली १५ युनिटं जातात सेल, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि कूलिंगमध्ये. मे महिन्यात कूलिंगचा वाटा वाढतो.