नववीनंतर सुटणारे मैदान

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे येथे खेळाची वेळ सूर्यच ठरवतो: पहाटे, नाहीतर दिवस मावळल्यावर. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेमक्या याच दोन वेळा शिकवणी वर्गांनी व्यापल्या आहेत. शाळेत उरलेला पी. टी.चा तास अभ्यासक्रम संपवण्यासाठी गणिताला दिला जातो आणि त्याबद्दल पालकसभेत सहसा कोणी तक्रारही करत नाही.

मैदान सुटण्याचे हे वय मात्र फार चुकीचे आहे. प्रौढ माणसाच्या हाडांतील सुमारे ९० टक्के घनता अठराव्या ते विसाव्या वर्षापर्यंत तयार होते, आणि धावताना किंवा उडी मारताना शरीराचे वजन जमिनीवर आदळून हाडांवर जो ताण येतो, त्या ताणाला प्रतिसाद म्हणूनच ती अधिक भक्कम होत जातात. पोहण्याने दमसास वाढतो, पण पाणी शरीराचा भार पेलत असल्यामुळे हाडांना हा लाभ तितकासा मिळत नाही. कबड्डी, खो-खो आणि दोरीवरच्या उड्या यांतून तो भरपूर मिळतो आणि त्यासाठी महागडे साहित्यही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवली असून, हाडे व स्नायू बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत, असे म्हटले आहे.

अभ्यासाची काळजी पालकांना असते, आणि ती रास्तच आहे. परंतु व्यायामानंतर काही काळ लक्ष अधिक एकाग्र होते आणि रात्रीची झोपही सुधारते, हे अभ्यासाच्याच फायद्याचे आहे.

नागपूरच्या ओजस देवतळे याने २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, याचा शहराला अभिमान आहे. मात्र आपला मुलगा ओजस होणार नाही म्हणून त्याचे खेळणे थांबवणे, हा हिशेब आमच्या मते चुकतो.

मुलींच्या वाट्याला तर मैदान आणखी लवकर संपते. अंधार पडल्यावर एकटीने परतण्याची धास्ती, स्वच्छतागृहाचा अभाव आणि पाळीच्या दिवसांतील संकोच यांमुळे अनेकजणी खेळणे सोडतात. यांतील पहिल्या दोन अडचणी मैदानावरील दिवे, सोबतीची व्यवस्था आणि पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह यांनी बऱ्याच अंशी सुटू शकतात. तिसरीसाठी शाळेत एखादी महिला क्रीडाशिक्षक असणे आवश्यक आहे.