वय एकोणीस, आवाज म्हातारा

श्रोतेहो, नमस्कार.

1992 साली अमेरिकेत ‘क्रिस क्रॉस’ या नावाने गाणाऱ्या अटलांटाच्या दोन मुलांनी पुढची बाजू पाठीकडे करून कपडे घातले आणि त्यांचे ‘जंप’ हे गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ती मुले जेमतेम तेरा वर्षांची होती. मिसरूड न फुटलेल्या पोरांचा रॅप खपतो, एवढा बोध ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी त्यातून घेतला आणि गोंडस पोरांच्या जोडीने दांडगी पोरेही बाजारात आणली. ‘इलिगल’ या जोडीने 1993 साली क्रिस क्रॉसचीच टर उडवली, तर 1994 साली न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडचा शायहाईम सोळाव्या वर्षी आपला पहिला अल्बम घेऊन आला. गल्लीतील हाणामारी, अमली पदार्थ आणि भीती यांचे वर्णन कोणतीही सफाई न करता करणाऱ्या या रॅपला ‘हार्डकोर’ म्हणतात.

त्या लाटेतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जोडी मात्र न्यूयॉर्कच्या ‘मॉब डीप’ची, म्हणजे प्रॉडिजी आणि हॅवक यांची. दोघांचाही जन्म 1974 चा. ओळख झाली मॅनहॅटनमधील कलाशिक्षणाच्या एका शाळेत. हॅवक क्वीन्सब्रिज या सहा-सहा मजली 96 इमारतींच्या सरकारी वसाहतीतला, तर प्रॉडिजीचे आजोबा बड जॉन्सन हे जॅझमधले नावाजलेले सॅक्सोफोनवादक. मॉब डीपचा पहिला अल्बम ‘जुव्हेनाइल हेल’ 1993 साली आला. त्याच्या नावातच पोरवय होते आणि माझ्या मते तीच त्याची अडचण होती : आपण किती लहान आणि तरीही किती भयंकर आहोत, हे ही मुले श्रोत्याला पटवत बसली होती. अल्बम खपला नाही आणि कंपनीने त्यांना सोडून दिले.

1995 च्या एप्रिलमध्ये, ‘लाउड’ या कंपनीकडून, त्यांचा ‘द इन्फेमस’ आला, तेव्हा पटवण्याचा तो सोस संपलेला होता. हॅवकने जुन्या जॅझ आणि सोल ध्वनिमुद्रिकांतील तुकडे इतके संथ आणि विद्रूप केले होते की ‘शूक वन्स, भाग दोन’मधला मुख्य सूर जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या ‘जेसिका’ या रचनेतला आहे, हे चाहत्यांना 2011 साली उमगले. याच गाण्यात प्रॉडिजी आपले वय अवघे एकोणीस सांगतो आणि लगेच म्हणतो की मन मात्र म्हातारे झाले आहे. तो आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

त्या म्हातारपणाला शरीराचीही बाजू होती. प्रॉडिजीला जन्मापासून सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार होता. विदर्भातील किंवा नंदुरबारकडील श्रोत्यांना त्या आजारातील असह्य वेदनांविषयी मी वेगळे सांगायला नको. 2000 साली त्याने या दुखण्यावरच एक गाणे केले.

त्याआधी मॉब डीपचा 1999 चा ‘मर्डा म्युझिक’ हा अल्बम बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पण 2001 साली एका मोठ्या जलशात जे-झी या बड्या रॅपरने पडद्यावर प्रॉडिजीचा लहानपणीचा, नृत्याच्या पोशाखातला फोटो दाखवून त्याची खिल्ली उडवली. प्रॉडिजीची आजी नृत्यशाळा चालवत असे. त्यात लाजण्यासारखे काय होते, हे मला आजही कळत नाही. पण ज्याने पोरपण झाकून नाव कमावले, त्याच्यावर घाव घालायला तेवढा फोटो पुरला.

बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल प्रॉडिजी 2008 ते 2011 तुरुंगात होता. तिथल्या जुजबी शिध्यात काय शिजवता येते, यावर त्याने पुढे चक्क पाककृतींचे पुस्तक काढले. 2017 च्या जूनमध्ये लास वेगासच्या उन्हात तो हॅवकबरोबर मंचावर उभा राहिला, त्यानंतर सिकलसेलचा त्रास वाढून रुग्णालयात दाखल झाला आणि 20 जूनला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तिथेच गेला.