नंबरावरनं ओळखायची शाळा

(दृश्य: गल्लीतली सकाळ. फाटक बंद, बाहेर मुलं.)

महाराष्ट्रात शाळा भरायला अजून पंधरवडा आहे. इथं कर्नाटकातल्या बेळगावात मे संपता संपताच सरकारी मराठी शाळेची घंटा होते. फाटक उघडायला दहा मिनिटं आहेत आणि पोरं येऊन थांबलीसुद्धा. निळे सदरे गेल्या वर्षीचे आहेत, बाह्या वर सरकल्यात. नवा गणवेश अजून यायचाय.

फाटकावरचा फलक बघा. वर कन्नड, खाली मराठी आणि एक नंबर. जुना बेळगावकर शाळेचं नाव सांगत बसत नाही, नंबर सांगतो. ‘आमी पाच नंबरचे’ म्हटलं की गल्ली कळते, पिढी कळते, कधी कधी मास्तर कोण होते तेही कळतं.

(दृश्य: परिपाठ. कॅमेरा पुढच्या रांगेवर.)

आधी मराठी प्रार्थना, मग कन्नड नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, शेवटी राष्ट्रगीत. पुढच्या रांगेत रिबीन सुटलेली जी मुलगी दिसतेय तिच्या घरी कन्नड कुणी बोलत नाही. नाडगीतात तिचा एक शब्द चुकत नाही. शेजारचा नुसते ओठ हलवतोय, ते वेगळं.

(दृश्य: शहर, गच्चीवरून. किल्ला, खडेबाजार, शहापूरची कौलं.)

पुण्या-मुंबईचा पाहुणा इथं हमखास चुकतो. त्याला वाटतं, शहरातली सरकारी शाळा म्हणजे महापालिकेची. बेळगावात तसं नाही. या शाळा राज्याच्या शिक्षण खात्याच्या. आणि महसुलाला बेळगाव जिल्हा एक असला तरी शाळांसाठी तो दोन आहे: बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे, प्रत्येकाला एक उपसंचालक. बेळगाव शहर, ग्रामीण, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, सौंदत्ती आणि रामदुर्ग इकडे. निपाणी, हुक्केरी, गोकाक, रायबाग, अथणी तिकडे. उपसंचालकांच्या खाली क्षेत्र शिक्षणाधिकारी. हा शब्द कागदावर, तोंडात ‘बीईओ’. कार्यालयांचं चित्रीकरण आम्ही केलेलं नाही, म्हणून हा विषय इथंच सोडू.

(दृश्य: जुने फोटो. शाळेच्या व्हरांड्यातली फ्रेम.)

1946 साली बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. शाळा जागच्या जागी राहिल्या. बाक तेच, मास्तर तेच, फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता बदलला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं घटनेत कलम 350 अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून प्रत्येक राज्यानं पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न करावा. पुढे सीमावादावरचा महाजन आयोग, 1986 चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन, 2004 पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला सीमाप्रश्नाचा दावा. तो सगळा इतिहास बेळगावात प्रत्येकाला पाठ आहे. शाळेचा कुणाला पाठ नाही, म्हणून आम्ही फाटकाच्या आत आलो.

(दृश्य: वर्ग. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ.)

रेघेच्या डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. बाई एकच. तिसरीला गणित घालून त्या चौथीकडे वळतात, चौथी वाचायला लागली की परत तिसरीकडे. रेघ सरळ यावी म्हणून बाईंनी फूटपट्टी धरलीय. आम्ही दोन दिवस होतो. रोज सकाळी ती रेघ नव्यानं मारावी लागते.

पुस्तक मराठी आहे, पण बालभारतीचं नव्हे. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ मराठीसह सात माध्यमांत पुस्तकं काढतो, त्यातलं हे. कन्नडचा तास वेगळा, इंग्रजी 2007 पासून पहिलीपासूनच. म्हणजे दहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात तीन भाषा, आणि लिप्याही दोन नव्हे, तीन. भिंतीवर कर्नाटकाचा नकाशा आहे. बाईंनी विचारलं, बेळगाव कुठं? एका मुलानं वायव्य कोपऱ्यावर बोट ठेवलं. बोट तसंच वर नेलं तर निपाणी लागते आणि त्याच्यापुढं भिंतीचा चुना.

(दृश्य: टेबलावरचा कागद, अगदी जवळून.)

हे खात्याचं परिपत्रक. पूर्ण कन्नड. समासात पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षर दिसतंय ते मुख्याध्यापिकांचं. आधी स्वतः वाचायचं, अडलं तर कन्नडच्या शिक्षकांना विचारायचं, मग समासात लिहून सहकाऱ्यांपुढं सरकवायचं. परिपत्रकं मराठीतही द्या ही मागणी इथं जुनी आहे. तोवर पेन्सिल आहे.

(दृश्य: स्वयंपाकखोली. वाफ.)

दुपारच्या जेवणाच्या सरकारी योजनेचं नाव अक्षर दासोह. मुलांच्या भाषेत नुसतं ‘जेवण’. पहिली ते पाचवी माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावीपासून दीडशे. स्वयंपाकाच्या अक्का सकाळी आल्या आल्या आधी दूध करतात. 2013 पासून क्षीरभाग्य योजनेत शाळेत दूध मिळतं, भुकटी कोमट पाण्यात कालवून. गुठळी राहिली की पोरं तोंड वेडंवाकडं करतात, म्हणून अक्का आधी थोड्या पाण्यात भुकटी घोटून घेतात, भज्याच्या पिठासारखी. हे कुठल्या परिपत्रकात नाही. ज्या दिवशी दुधात नाचणी असते त्या दिवशी आणखी घोटावं लागतं.

मग अंडी. उकडून बादलीत गार पाण्यात सोडलेली. अंडं नको असेल त्याला केळं. हा मुलगा बघा. अंडं ताटाच्या काठावर आपटत नाही, तळहाताखाली धरून ताटात लोळवतो. सगळीकडून बारीक तडे गेले की साल एका ओढीत निघतं. मग शेजारच्याला दाखवतो. शेजारच्याचं फुटलंय.

आम्ही अक्कांना विचारलं, तुमची पोरं कुठं शिकली? त्या हसल्या. ‘हितंच की. खरं नातू इंग्लिश शाळेच्या व्हॅनमधनं जातोय.’

(दृश्य: वडगावची गल्ली. मागाचा खडखडाट.)

या माहितीपटातला सगळ्यात लांब भाग आता येतोय, कारण आमच्या दृष्टीनं शाळा इथं चालते, वर्गात नव्हे. सुट्टीतच बाई आणि सर पटनोंदणीला बाहेर पडतात. हातात पत्रकं, अंगणवाडीतून आणलेली नावांची यादी, आणि पायात चप्पल झिजलेली. वडगाव, शहापूर, खासबाग. घराघरात यंत्रमाग, आवाजामुळं उंबऱ्यात उभं राहून ओरडूनच बोलावं लागतं.

‘बाई, इंग्लिश शिकवता काय हो?’

‘शिकवतो की. पहिलीपासनं.’

‘खरं माध्यम मराठीच न्हवं?’

‘माध्यम मराठी. घरी तुम्हाला अभ्यास घेता येईल बघा.’

मागावरच्या ताईंनी माग थांबवला. धागा जोडला. परत चालू केला. उत्तर दिलं नाही. पत्रक मात्र घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवलं. तेवढ्यात गल्लीतून शाळेची पिवळी व्हॅन मागं मागं आली, गाईला हॉर्न वाजवत, आणि बाईंना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. हा प्रसंग आम्ही जुळवलेला नाही.

आईबापाला दोष देणं सोपं आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानंच कर्नाटकाच्या बाबतीत सांगितलं की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम सरकार लादू शकत नाही, निवड पालकांची. 2019 मध्ये राज्यानं स्वतःच्या हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. तेव्हा मराठी शाळेच्या बाईंना आता आर्जवाखेरीज हत्यार नाही. सोबत गल्लीतली माणसं असतात: माजी विद्यार्थी, मंडळाची पोरं, महाराष्ट्र एकीकरण समितीचे तरुण. कुणी दप्तरं देतं, कुणी वह्या. एकानं नुसता आपला रिक्षा दिलाय, लांबच्या चार मुलांना आणायला-सोडायला. पेट्रोल कुणाचं, विचारलं तर गिअर टाकून निघून गेला.

(दृश्य: हायस्कूलचं मैदान, वरवर.)

सातवीनंतर हायस्कूल, बहुतेकांचं अनुदानित संस्थेत. दहावीला एसएसएलसी ही राज्याची परीक्षा, 625 गुणांची. त्यात प्रथम भाषा मराठी सव्वाशेची. आणि पट फार खाली गेला तर शाळा जवळच्या शाळेत विलीन होते, नंबरासकट.

(दृश्य: संध्याकाळ. मुख्याध्यापिकांची खोली. भिंतीवरचा फळा.)

फळ्यावर इयत्तावार पट लिहिलाय, मुलगे, मुली, एकूण. शाळा सुटलीय. दारात मागावरच्या त्या ताई उभ्या आहेत, कडेवर धाकटं, बोटाला थोरली. जन्माचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. मुख्याध्यापिका चष्मा लावून दाखला वाचतात, तारीख बोटांवर मोजतात. सहा पूर्ण.

पहिलीच्या रकान्यातला आकडा त्या डस्टरनं नाही, अंगठ्यानं पुसतात, आणि खडू घेऊन पुन्हा लिहितात.

(ध्वनी: लांबून माग. अंधार.)